अतिसक्रिय थायरॉईड आणि गर्भारपण : उपचार आठवड्यांच्या हिशोबाने

गर्भारपणातल्या थायरॉईडचा विषय निघाला की आपल्याकडे बहुतेकांना कमी काम करणारी थायरॉईडच आठवते. सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉक्सिनची गोळी आता घरोघरी ओळखीची झाली आहे. गर्भवतींमधल्या हायपोथायरॉईडिझमच्या तपासणीसाठी केंद्र सरकारने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या. याच ग्रंथीच्या उलट आजाराकडे, म्हणजे ती गरजेपेक्षा जास्त हार्मोन तयार करू लागते त्या हायपरथायरॉईडिझमकडे, त्या मानाने फारसे लक्ष गेलेले नाही. त्याचे मुख्य कारण असलेला ग्रेव्हज आजार हजार गर्भवतींमागे साधारण दोघींमध्ये आढळतो. संख्या लहान असली, तरी ज्या घरात तो असतो तिथे नऊ महिने काळजीचे जातात आणि त्या काळजीपोटीच चुका होतात.

या चुका दोन टोकांच्या असतात. पाळी चुकल्याचे कळताच ‘आता गोळ्या नकोत, बाळाला त्रास होईल’ म्हणून औषध आपल्या मनाने बंद करायचे, हे एक टोक. रिपोर्टमधला प्रत्येक आकडा नॉर्मलच्या रकान्यात बसलाच पाहिजे म्हणून डोस वाढवत न्यायचा, हे दुसरे. पहिल्यात आईचा आजार उसळतो, दुसऱ्यात बाळाची थायरॉईड दबते. या दोन्हींच्या मधून जाणारी वाट गेल्या ऐंशी वर्षांच्या अनुभवातून बरीचशी स्पष्ट झाली आहे. ती वाट आठवड्यांच्या हिशोबाने चालते. सातव्या आठवड्यात टाळावे असे औषध विसाव्यात चालू शकते. दहाव्या आठवड्यात दुर्लक्ष करण्याजोगा आकडा तिसाव्यात धोक्याचा ठरू शकतो. म्हणून ‘गोळी घ्यावी की नाही’ या प्रश्नापेक्षा कोणत्या आठवड्यात, कोणती आणि किती, हा प्रश्न विचारायला हवा.

पहिला प्रश्न : हा खरोखर आजार आहे का?

गर्भ रुजल्यावर वारेतून एचसीजी हे हार्मोन भरपूर प्रमाणात स्रवते. गर्भारपणाची घरगुती चाचणी ज्यावरून ‘पॉझिटिव्ह’ येते, तेच हे हार्मोन. त्याची रासायनिक घडण थायरॉईडला कामाला लावणाऱ्या टीएसएच या हार्मोनशी इतकी जुळते की ते थायरॉईडलाही थोडेबहुत काम करायला लावते. साधारण आठव्या ते अकराव्या आठवड्यात एचसीजी शिखरावर असते आणि नेमक्या त्याच काळात टीएसएच खाली उतरते. त्यामुळे पहिल्या तिमाहीत टीएसएच थोडे कमी दिसणे हे निरोगी गर्भारपणाचेच लक्षण असते. शंभरातल्या एक ते तीन गर्भवतींमध्ये हा परिणाम इतका ठळक होतो की फ्री टी४, म्हणजे रक्तातले मोकळे थायरॉईड हार्मोन, सुद्धा वाढते. जुळी असतील किंवा उलट्यांचा त्रास पराकोटीचा असेल, तर हे जास्त दिसते. याला गर्भारपणातली तात्पुरती थायरॉईडवाढ म्हणता येईल. चौदाव्या ते अठराव्या आठवड्यापर्यंत ती आपोआप ओसरते आणि तिच्यावर थायरॉईड दाबणारी औषधे द्यायची नसतात. उलट्यांवर उपचार, शरीरातले पाणी आणि क्षार भरून काढणे, एवढे पुरते.

समजा, दहाव्या आठवड्यातले दोघींचे रिपोर्ट शेजारी ठेवले आहेत. दोन्हींत टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, दोन्हींत फ्री टी४ नेहमीच्या कमाल मर्यादेच्या वर. कागदावर फरक नाही. पहिलीला सहाव्या आठवड्यापासून उलट्या सुरू झाल्या. त्याआधी तिची तब्येत ठणठणीत होती. गळा सपाट, डोळे नेहमीसारखे, घरात कुणाला थायरॉईडचा आजार नाही. दुसरी मात्र दिवस राहण्याच्या चार-पाच महिने आधीपासून सांगते आहे की भूक भरपूर आहे पण वजन घटते, जिना चढताना धाप लागते, पंखा लावूनही घाम येतो. तिच्या गळ्यावर सूज आहे, डोळे किंचित पुढे आले आहेत. तिला दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगून बोटांवर एक कागद ठेवला, तर कागदाची कड बारीक थरथरते. बसल्या जागी नाडी मिनिटाला ११० आहे. पहिलीला बहुधा औषध लागणार नाही, दुसरीला लागेल. हे ठरवणारी रक्तचाचणी म्हणजे टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडी, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘ट्रॅब’. ग्रेव्हज आजारात ती पॉझिटिव्ह येते. एरवी निदानासाठी केला जाणारा किरणोत्सर्गी स्कॅन गर्भारपणात करत नाहीत, म्हणून या चाचणीला जास्तच महत्त्व आहे.

निदानाआधी आणखी काही गोष्टी तपासून घ्याव्या लागतात. गर्भाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखी वारेची वाढ होते त्या मोलर प्रेग्नन्सीत एचसीजी प्रचंड वाढून थायरॉईड उसळते. सोनोग्राफीत ते कळते. कमी थायरॉईडसाठी घेतलेल्या थायरॉक्सिनचा डोस जास्त झाला असेल तरीही रिपोर्ट असाच दिसतो. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांची गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. अनेक प्रयोगशाळांच्या चाचणीपद्धतीत बायोटिन ढवळाढवळ करते आणि टीएसएच खोटेच कमी, फ्री टी४ खोटेच जास्त, काही वेळा ट्रॅबही खोटीच पॉझिटिव्ह दाखवते. म्हणजे धडधाकट बाईच्या हाती ग्रेव्हजचा हुबेहूब रिपोर्ट पडू शकतो. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवावे आणि घेत असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव डॉक्टरांना सांगावे.

टीएसएच कमी पण टी४ नॉर्मल, अशा सौम्य स्थितीचे काय करायचे, हा प्रश्न बराचसा सुटला आहे. अमेरिकेतल्या डॅलस येथे पंचवीस हजारांहून अधिक गर्भवतींच्या तपासणीत सुमारे १.७ टक्के जणींमध्ये ही स्थिती आढळली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या गर्भारपणावर वाईट परिणाम दिसला नाही. अशा वेळी औषध न देता नजर ठेवतात.

आजार खरा असेल आणि सोडून दिला तर

ग्रेव्हज आजारात शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा अशा अँटीबॉडी बनवते, ज्या थायरॉईडला सतत हार्मोन तयार करायला भाग पाडतात. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये या आजाराचे वर्णन केले. रक्तातल्या या उत्तेजक घटकाचा माग मात्र १९५६ मध्ये न्यूझीलंडमधल्या अ‍ॅडम्स आणि पर्व्हज यांना लागला. मधल्या काळात हा आजार असलेल्या बाईचे गर्भारपण म्हणजे जिवावरचे संकट मानले जाई.

तो धोका आजही उपचाराविना तसाच आहे. गर्भपात, वाढलेला रक्तदाब, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, बाळाची खुंटलेली वाढ, मृत बाळ जन्मणे, आईचे हृदय थकणे, या सर्वांची शक्यता वाढते. सर्वांत भयंकर म्हणजे ‘थायरॉईड स्टॉर्म’. औषध अचानक बंद केल्यावर, एखाद्या संसर्गात किंवा बाळंतपणाच्या ताणात हार्मोनचा परिणाम एकदम बेफाम होतो. खूप ताप, नाडी १४० च्या पुढे, उलट्या-जुलाब, बरळणे, दम लागणे अशी लक्षणे दिसली तर सकाळची वाट न पाहता अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठावे लागते. हे घाबरवण्यासाठी लिहिलेले नाही. औषध सोडल्याने बाळ सुरक्षित राहते हा समज किती महागात पडू शकतो, ते कळावे म्हणून लिहिले आहे. आजार आटोक्यात ठेवलेल्या बहुसंख्य बायकांचे गर्भारपण सुखरूप पार पडते आणि त्यांची बाळे निरोगी असतात.

कोणते औषध, कोणत्या आठवड्यात

बोस्टनच्या एडविन अ‍ॅस्टवूड यांनी १९४३ मध्ये थायोयुरासिल वापरून थायरॉईड दाबता येते हे दाखवले. त्या घराण्यातली दोन औषधे आज वापरात आहेत. एक प्रोपिलथायोयुरासिल, म्हणजे पीटीयू. दुसरे मेथिमाझोल. आपल्याकडे जास्त चालणारे कार्बिमाझोल शरीरात गेल्यावर मेथिमाझोलच बनते, म्हणून दोघांना एकच खबरदारी लागू होते.

एरवी पहिली पसंती कार्बिमाझोलला असते. ते दिवसातून एकदा घेता येते आणि यकृताला पीटीयूइतका धोका देत नाही. पण १९७२ मध्ये अमेरिकेतून नोंदी आल्या की मेथिमाझोल घेतलेल्या काही आयांच्या बाळांच्या टाळूवर कातडीच तयार झाली नव्हती. पुढे नाकाचा मागचा मार्ग बंद असणे, अन्ननलिका अपुरी असणे, बेंबीपाशी पोटाची भिंत नीट न मिटणे अशा दोषांचीही नोंद झाली. २०१२ मध्ये टोकियोच्या इतो रुग्णालयाने मोठा अभ्यास मांडला. पहिल्या तिमाहीत मेथिमाझोल घेतलेल्यांच्या बाळांत मोठे जन्मदोष ४.१ टक्के होते, पीटीयू घेतलेल्यांत १.९ टक्के, आणि औषध न घेतलेल्यांत २.१ टक्के. पीटीयू निर्धोक आहे असे त्यावरून वाटले. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमधल्या आठ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास आला. त्यात जन्मदोषांचे प्रमाण मेथिमाझोल-कार्बिमाझोल गटात ९.१ टक्के, पीटीयू गटात ८.० टक्के आणि औषध न घेतलेल्यांत ५.७ टक्के होते. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने दोन देशांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. पण डॅनिश नोंदींनी दोन गोष्टी शिकवल्या. पीटीयू पूर्णपणे निर्दोष नाही. आणि तिच्यामुळे येणारे दोष, उदाहरणार्थ मानेजवळच्या गाठी किंवा मूत्रमार्गातले दोष, तुलनेने सौम्य व बहुधा शस्त्रक्रियेने दुरुस्त होणारे असतात.

मग सर्वांना नऊ महिने पीटीयूच का देत नाहीत? कारण क्वचित, दहा हजारांत एखाद्या रुग्णात, ती यकृत निकामी करते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१० मध्ये तिच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

जन्मदोषांच्या दृष्टीने नाजूक काळ सहाव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंतचा. त्यावरून आजची पद्धत ठरली आहे. कार्बिमाझोल घेणाऱ्या बाईने पाळी चुकताच, एखाद-दुसरा दिवसही न दवडता, चाचणी करावी आणि पॉझिटिव्ह येताच डॉक्टरांना फोन करावा. तिचा आजार बराच काळ शांत असेल, डोस अगदी कमी असेल आणि अँटीबॉडी फारशा नसतील, तर डॉक्टर काही काळ औषध थांबवून दर एक-दोन आठवड्यांनी रक्त तपासू शकतात. औषध लागणारच असेल, तर सोळाव्या आठवड्यापर्यंत पीटीयू देतात. एकाचा डोस दुसऱ्याला तसाच लागू होत नाही. मेथिमाझोलच्या ५ मिलिग्रॅमच्या जागी पीटीयू साधारण १०० मिलिग्रॅम लागते आणि ती दिवसातून दोन-तीनदा विभागून घ्यावी लागते. सोळाव्या आठवड्यानंतर परत कार्बिमाझोलवर यावे का, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०११ मध्ये ‘यावे’ असे सांगितले होते. २०१७ च्या सूचनांत कोणत्याही बाजूने शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे नमूद केले. यकृताची काळजी एका पारड्यात आणि औषध बदलताना नियंत्रण सुटण्याची भीती दुसऱ्यात ठेवून हा निर्णय प्रत्येकीसाठी वेगळा घ्यावा लागतो.

कोणतीही गोळी चालू असली तरी दोन इशारे पाठ असावेत. ताप आणि घसादुखी आली, तर त्याच दिवशी गोळी थांबवून पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या. हजारात दोन ते पाच जणांमध्ये या औषधांनी त्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. डोळे-लघवी पिवळी दिसली, अंगाला खाज सुटली किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तर यकृताची तपासणी करायची. आणि दोन्ही वेळा लगेच डॉक्टरांशी बोलायचे.

किती : नॉर्मलच्या थोडे वर

या विषयातला सर्वांत उपयुक्त धडा जपानमधून आला. मोमोतानी आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये आयांच्या आणि त्यांच्या नवजात बाळांच्या हार्मोनची तुलना केली. आईचे फ्री टी४ अगदी मध्यावर आणलेले असेल, तर बाळाची थायरॉईड अनेकदा दबलेली निघाली. आईचे फ्री टी४ किंचित वर ठेवलेले असेल, तेव्हा बाळाचे हार्मोन नॉर्मल होते. कारण गोळी वारेतून बाळापर्यंत सहज जाते आणि बाळाची इवली ग्रंथी तिला जास्त बळी पडते. एकाच पाटाने मोठ्या शेताला आणि कोपऱ्यातल्या रोपांच्या वाफ्याला पाणी जात असेल, तर शेताची तहान पुरती भागेपर्यंत वाफा बुडालेला असतो.

म्हणून उद्दिष्ट ठरले : कमीत कमी डोस, आणि आईचे फ्री टी४ नेहमीच्या कमाल मर्यादेवर किंवा जरासे त्याहून वर. टीएसएच नॉर्मल आणण्यासाठी धडपडायचे नाही. ते दबलेलेच राहिले तरी चालते. रिपोर्टवर लाल किंवा ठळक अक्षरात छापलेला आकडा पाहून घरचे घाबरतात, ते साहजिक आहे. पण तो इशारा गर्भवती नसलेल्या माणसाच्या मर्यादेवरून छापलेला असतो. गर्भारपणात टी४ वाहून नेणारे प्रथिन वाढते, त्यामुळे सोळाव्या आठवड्यानंतर एकूण टी४ ची नॉर्मल मर्यादाच सुमारे दीडपट होते. सुरुवातीला दोन आठवड्यांनी आणि पुढे दर चार आठवड्यांनी रक्त तपासून डोस ठरवतात.

दुसऱ्या तिमाहीपासून शरीराची प्रतिकारयंत्रणा थोडी नरमते, अँटीबॉडी घटतात आणि औषध कमी-कमी लागते. शेवटच्या तिमाहीत २० ते ३० टक्के जणींचे औषध पूर्ण बंदही करता येते. ज्या डॉक्टरांनी डोस वेळेवर उतरवला नाही, त्यांच्या रुग्णांत बाळाची थायरॉईड दबण्याचा धोका याच काळात वाढतो. एरवी काही ठिकाणी वापरली जाणारी, थायरॉईड दाबायची गोळी आणि थायरॉक्सिन एकत्र द्यायची पद्धत गर्भारपणात टाळतात. गोळी बाळापर्यंत भरपूर पोहोचते, थायरॉक्सिन त्या मानाने कमी पोहोचते.

धडधड आणि कंप फार असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे प्रोप्रानोलॉलसारखे बीटा ब्लॉकर देतात. दम्याच्या रुग्णांना ते चालत नाही. दीर्घकाळ घेतल्यास बाळाची वाढ मंदावू शकते, म्हणून ते लवकर उतरवतात.

अँटीबॉडी आणि बाळ

गोळीप्रमाणेच ट्रॅब अँटीबॉडीही वार ओलांडतात. बाळाची थायरॉईड दहाव्या-बाराव्या आठवड्यात आयोडीन शोषू लागते आणि विसाव्या आठवड्याच्या आसपास खऱ्या अर्थाने कामाला लागते. त्यानंतर आईच्या अँटीबॉडी भरपूर असतील, तर त्या बाळाच्या ग्रंथीलाही उसळवतात.

म्हणून ट्रॅबची तपासणी तीन टप्प्यांत करतात : गर्भारपणाच्या सुरुवातीला, ती वाढलेली असेल तर १८ ते २२ आठवड्यांत, आणि तेव्हाही वाढलेली असेल तर ३० ते ३४ आठवड्यांत. कमाल मर्यादेच्या तिपटीहून जास्त पातळी म्हणजे बाळावर बारकाईने लक्ष हवे. मग सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाची गती, मानेत सुजलेली ग्रंथी, वाढ, गर्भजल आणि हाडांची परिपक्वता पाहतात. बाळाच्या हृदयाचे ठोके सतत १७० च्या वर राहत असतील, तर बाळाला हायपरथायरॉईडिझम झाल्याचा संशय घेतात आणि आईला गोळी देऊन वारेतून बाळावरच उपचार करतात.

इथे एक फसगत होते. ज्या बाईची थायरॉईड पूर्वी शस्त्रक्रियेने काढली किंवा रेडिओआयोडीनने निकामी केली, ती आता थायरॉक्सिन घेते आणि रिपोर्टमध्ये अगदी नॉर्मल असते. ‘माझा आजार बरा झाला’ असे ती मनापासून सांगते आणि ते खरेही असते. पण तिच्या रक्तातल्या अँटीबॉडी वर्षानुवर्षे टिकू शकतात. तिच्या शरीरात त्यांना उत्तेजित करायला ग्रंथी उरलेली नसते, बाळाच्या मानेत मात्र ती असते. म्हणून ग्रेव्हजचा पूर्वेतिहास असलेल्या प्रत्येकीने पहिल्याच भेटीत तो सांगावा आणि ट्रॅब तपासून घ्यावी.

आपल्या पद्धतीने इथे एक अडथळा उभा राहतो. पहिल्या बाळंतपणाला मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. म्हणजे ज्या आठवड्यांत शेवटची ट्रॅब करायची, गोळी उतरवायची, बाळाच्या मानेची सोनोग्राफी करायची, नेमक्या त्याच आठवड्यांत डॉक्टर, गाव आणि प्रयोगशाळा बदलते. तालुक्याच्या गावात ट्रॅबचा नमुना सहसा मोठ्या शहराकडे पाठवावा लागतो आणि रिपोर्टला दिवस लागतात. माहेरी जायला हरकत नाही. मायेची माणसे जवळ असणे या काळात मोलाचेच आहे. पण निघण्यापूर्वी दोन्हीकडच्या डॉक्टरांचे बोलणे झालेले असावे, सर्व रिपोर्टची फाईल सोबत असावी आणि तिच्या पहिल्या पानावर तीन ओळी ठळक असाव्यात : ग्रेव्हज आजार, सध्याची गोळी व डोस, शेवटची ट्रॅब किती आणि कधी. बाळ हाती घेणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना या तीन ओळी बाळंतपणाआधी कळायला हव्यात.

गोळी चालली नाही तर

गोळीची गंभीर अ‍ॅलर्जी असेल, पांढऱ्या पेशी घटल्या असतील किंवा मोठ्या डोसनेही आजार आटोक्यात येत नसेल, तर थायरॉईड काढण्याची शस्त्रक्रिया करतात. त्यासाठी दुसरी तिमाही सर्वांत योग्य. त्याआधीच्या आणि नंतरच्या महिन्यांत गर्भपात किंवा अवेळी कळा सुरू होण्याचा धोका जास्त असतो. शस्त्रक्रियेनंतरही अँटीबॉडी लगेच जात नाहीत, म्हणून बाळावरचे लक्ष सैल करता येत नाही.

रेडिओआयोडीनला गर्भारपणात आणि अंगावर पाजत असताना थारा नाही. बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये तो उपचार सुरू केला. आपल्याकडे परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणी थायरॉईडच्या असंख्य रुग्णांना त्याचा फायदा झाला आहे. पण ते आयोडीन बाळाची ग्रंथीही जाळू शकते. म्हणून देण्यापूर्वी गर्भारपणाची चाचणी करतात आणि दिल्यानंतर किमान सहा महिने दिवस राहू न देण्याचा सल्ला देतात.

आहाराबद्दल थोडक्यात. आयोडीनयुक्त मीठ बंद करू नये. बाळाला आयोडीन हवेच असते. मात्र समुद्री शेवाळाच्या किंवा जादा आयोडीनच्या ‘थायरॉईड सप्लिमेंट’ गोळ्या घेऊ नयेत. कमी थायरॉईडच्या नातेवाईक बाईची गोळी ‘थायरॉईडचीच तर आहे’ म्हणून कधीही घेऊ नये. ती या आजारात उलटेच काम करते.

बाळंतपण आणि त्यानंतरचे वर्ष

आजार आटोक्यात असेल, तर बाळंतपण नेहमीसारखेच होते. फक्त थायरॉईडमुळे सिझेरियन करावे लागत नाही. गोळी कळांच्या दिवशीही चुकवायची नसते.

ग्रेव्हज असलेल्या आयांच्या बाळांपैकी एक ते पाच टक्के बाळांना जन्मानंतर तात्पुरता हायपरथायरॉईडिझम होतो. आईची गोळी बाळाच्या रक्तात असेपर्यंत तो झाकलेला राहतो आणि काही दिवसांनी उघड होतो, तोवर बाळ घरी गेलेले असते. बाळ किरकिरे आहे, सतत दूध मागते पण वजन वाढत नाही, छाती फार जोरात धडधडते, घाम येतो, अशी लक्षणे दिसली तर ‘बाळ चपळ आहे’ म्हणून कौतुक करत बसू नये. अशा बाळांचे टीएसएच आणि टी४ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आणि पुन्हा दहाव्या ते चौदाव्या दिवशी तपासतात. टाचेच्या थेंबातून फक्त टीएसएच पाहिले तर पुरत नाही. आईचा आजार नऊ महिने बेलगाम राहिला असेल, तर बाळाचे टीएसएच आणि टी४ दोन्ही कमी असू शकतात आणि नुसत्या टीएसएचवरून ते निसटते. बाळाचा हायपरथायरॉईडिझम वेळीच ओळखला तर औषधाने आटोक्यात राहतो. आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तातून काही महिन्यांत निघून गेल्या की तो संपतो.

आईसाठी मात्र नंतरचे वर्ष जास्त सांभाळायचे. गर्भारपणात नरमलेली प्रतिकारयंत्रणा पुन्हा जागी होते आणि ग्रेव्हज उसळतो. सव्वा महिना झाला, पाहुणे गेले, आणि मग बाई सांगू लागते की झोप लागत नाही, छातीत धडधडते, चिडचिड होते, केस गळतात. घरात उत्तर तयार असते : जागरण आहे, अंगावर पाजतेस, बाळंतपणात असे व्हायचेच. हे उत्तर स्वीकारण्याआधी टीएसएच आणि फ्री टी४ तपासावे. सहाव्या आठवड्यात तर तपासावेच, पुढे वर्षभर अधूनमधून.

या काळात अशीच लक्षणे देणारा वेगळा आजारही होतो : बाळंतपणानंतरचा थायरॉईडायटिस. त्यात ग्रंथीला सूज येऊन साठवलेले हार्मोन बाहेर पडते, नंतर ग्रंथी काही महिने थकते. त्याला कार्बिमाझोल लागू पडत नाही, कारण हार्मोनचे जादा उत्पादनच झालेले नसते. फरक पुन्हा ट्रॅबच सांगते.

गोळी चालू आहे म्हणून बाळाचे दूध तोडायची गरज नाही. मेथिमाझोल दिवसाला २० मिलिग्रॅमपर्यंत आणि पीटीयू ४५० मिलिग्रॅमपर्यंत अंगावर पाजताना सुरक्षित मानली जाते. डोस विभागून आणि पाजून झाल्यावर लगेच घ्यावा. औषधाच्या भीतीने बाटली सुरू केलेल्या कितीतरी आयांना हे कुणी सांगितलेले नसते.

हिशोब शून्याव्या आठवड्यापासून

आठवड्यांचा हा सगळा हिशोब पाहिला की लक्षात येते, सर्वांत नाजूक आठवडे सुरुवातीचे असतात आणि ते अनेकदा पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंतच सरू लागतात. औषध बदलायला पुरेसा वेळ हवा असेल, तर तयारी दिवस राहण्याआधीच व्हायला हवी. ग्रेव्हज असलेल्या तरुणीने, लग्न ठरले असो वा मूल हवे असो, डॉक्टरांशी या विषयावर आधी बोलावे. महिन्याच्या अंतराने केलेले दोन रिपोर्ट समाधानकारक येईपर्यंत गर्भनिरोधक वापरावे. अँटीबॉडी फार जास्त असतील आणि लवकर मूल हवे असेल, तर शस्त्रक्रियेचा पर्यायही विचारात घेतात. रेडिओआयोडीननंतर अँटीबॉडी काही काळ वाढतात, शस्त्रक्रियेनंतर हळूहळू उतरतात. गोळ्याच चालू ठेवायच्या असतील, तर पीटीयूवर आधीच जायचे का, हे तेव्हाच ठरवावे.

ही जबाबदारी एकट्या बाईवर टाकणे अन्यायाचे आहे. आजाराविषयी संकोच असतो. लग्नाआधी तो लपवला जातो आणि लग्नानंतर सासरी गोळ्यांची स्ट्रिप कपाटात दडवली जाते. जी गोळी लपवून घ्यावी लागते ती चुकते, हे नवऱ्याने आणि सासूबाईंनी समजून घेतले पाहिजे. कार्बिमाझोल लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने तरुण रुग्णाला त्याच भेटीत सांगितले पाहिजे : ‘मूल हवे असेल तेव्हा आधी माझ्याकडे या, आणि पाळी चुकली तर त्याच दिवशी फोन करा.’ हे वाक्य बोलायला अर्धे मिनिटही लागत नाही आणि ते औषधाइतकेच काम करते.

सरकारी यंत्रणेतही जागा तयार आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची डॉक्टरांकडून तपासणी होते. आशाताई आणि एएनएम ताई गावातल्या प्रत्येक गर्भवतीला ओळखतात. तिथे रक्तदाबाबरोबर नाडी पूर्ण मिनिटभर मोजली, गळ्याकडे एकदा नीट पाहिले आणि ‘कधी थायरॉईडची गोळी, ऑपरेशन किंवा किरणोत्सर्गी औषध घेतले होते का, आणि थायरॉईड जास्त होती की कमी?’ एवढे विचारून माता-बाल संरक्षण कार्डावर उत्तर लिहिले, तर जिल्हा रुग्णालयापर्यंत वेळेत पोहोचणाऱ्या बायकांची संख्या वाढेल. आणि तिथे पीटीयूची गोळी व ट्रॅबची सोय मिळाली पाहिजे, ही मागणी आपण ठामपणे करायला हवी. या आजारावर औषध आहे, पद्धत आहे, अनुभव आहे. आता ते योग्य आठवड्यात योग्य बाईपर्यंत पोहोचवण्याचे काम उरले आहे.